कसंतरी म्हणजे कसं?

"घाम येतोय का?" यांनी विचारलं.

सोलापुरातला एप्रिल, भर दुपार, आणि मी हॉलच्या मधोमध उभी. अंगात थर्मल, त्यावर दोन स्वेटर, त्यावर फुगीर जाकीट, डोक्याला माकडटोपी. वरचा पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. आणि हा माणूस मला विचारतोय, घाम येतोय का.

"छे हो, थंडी वाजतेय," मी म्हटलं. "शेगडी पेटवता का जरा?"

"चेष्टा नको. हात वर कर. काखेत काचतंय का बघ. तिथे चौदा हजार फुटांवर काचायला लागलं तर बदलून कोण देणार?"

मी हात वर केले. तेवढ्यात समोरच्या गॅलरीत वाळवण घालायला आलेल्या कोनापुरेबाईंनी आमच्या खिडकीतून आत बघितलं आणि कुरडयांचं ताट हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मी त्यांना वर केलेल्या हातांनीच नमस्कार केला.

आमचे हे, म्हणजे राजशेखर बिराजदार, साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले आणि चीफ केमिस्ट होऊन निवृत्त झाले. सगळा जन्म रस उकळणाऱ्या कढयांच्या वाफेत आणि मळीच्या वासात गेला. त्यांच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर कुठल्याशा खत कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यातलं जून महिन्याचं पान यांनी वर्ष संपल्यावर फाडून घरी आणलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. मातकट, उघडेबोडके डोंगर आणि खाली निळंशार पाणी. लडाखमधला पँगाँग तलाव. आम्ही तीन घरं बदलली, कपाट बदललं, पण ते पान प्रत्येक वेळी नव्या दारावर गेलं.

"नुसतं जाऊन बघून यायचं नाही," हे म्हणायचे. "तिथे राहायचं. रात्री झोपायचं, सकाळी उठायचं, खिडकी उघडायची आणि समोर ते पाणी. बस. मग काही मागणं नाही."

निवृत्त झाल्यावर यांनी अगदी काठावरचं हॉटेल शोधलं. खोली पाण्याच्या बाजूचीच आहे ना, हे विचारायला इतक्यांदा फोन केला, की तिकडचा माणूस यांचा आवाज ऐकला की आपणहूनच सांगायचा, "हां सर, सामने वाला रूम, सर."

मग घरात तयारी सुरू झाली. हे बूट घालून जिना चढायचे-उतरायचे. हातमोजे घालून फ्रिजरमध्ये हात घालून उभे राहायचे आणि मी भाजी काढायला गेले की म्हणायचे, "थांब, प्रयोग चाललाय." पहाटे प्राणायाम, संध्याकाळी गरम पाण्याचा वाफारा. मी शेंगाची चटणी कुटली, कडक भाकरी केल्या, कापराच्या आणि ओव्याच्या पुरचुंड्या शिवल्या. सोबत यांचा कारखान्यातला जुना दोस्त बब्रुवान माने आणि त्याची बायको विजूवहिनी येणार होते. बब्रूभाऊंची तयारी म्हणजे एक नवी शबनम आणि पत्त्यांचा कॅट.

"अरे, स्वेटर तरी घेतलास का?" यांनी विचारलं.

"थंडी वाजली तर तुझा घालतो की बे," बब्रूभाऊ म्हणाले.

यांच्या स्वभावातली एक गोष्ट सांगायला हवी. यांना प्रत्येक गोष्टीचं नाव लागायचं. चहा गोड झालाय म्हणून भागायचं नाही, किती गोड ते सांगायचं. ताप आहे म्हणायचं नाही, किती आहे ते सांगायचं. आणि मला एकच शब्द यायचा. कसंतरी होतंय.

डिझेलचा वास आला, मला कसंतरी व्हायचं. लग्नाच्या गर्दीत कसंतरी व्हायचं. सासूबाई पाहुण्यांसमोर माझ्या माहेरावरून बोलल्या, की आत जाऊन ओट्याशी उभी राहायचे आणि कसंतरी व्हायचं.

"कसंतरी म्हणजे कसं?" हे विचारायचे. चिडून नाही, अगदी मनापासून. "डोकं दुखतंय का? मळमळतंय का? काहीतरी नाव असेल की नाही त्याला?"

मला नाव सांगता यायचं नाही.

माझी आई गेली तेव्हा आम्ही एस.टी.ने दुधनीला, माझ्या माहेरी, निघालो होतो. अक्कलकोटच्या पुढे मी यांना म्हटलं, अहो, कसंतरीच होतंय. यांनी खिशातून उलटीची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून दिलं. मी गोळी घेतली. काय करणार? माणूस प्रेमाने देत होता.

यांना स्वतःला मात्र कधी कसंतरी झालं नाही. यांचं डोकं दुखायचं ते उजव्या कानशिलात, आणि पाठ दुखायची ती खालून तिसऱ्या मणक्यात.

*

लेहला विमानातून उतरलो तेव्हाच हवा हलकी लागली. हॉटेलचे मालक नुरबूजी, वयस्क आणि शांत. आमचं सामान आत घेतल्या घेतल्या त्यांनी बजावलं, "अभी सोना है. घूमना नहीं, नहाना नहीं. शरीर को पता चलने दो कि कहाँ आया है. उसके बाद ही ऊपर लेक जाना."

आता दिवसाढवळ्या अंथरुणावर पडायचं म्हणजे आमच्याकडे दुखणंच. मी पडल्या पडल्या रुमालांच्या घड्या घालत होते. हे मात्र नुरबूजींचा शब्द कारखान्याच्या नियमासारखा पाळत होते. बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून पडून राहायचे आणि मधूनमधून आकडा वाचून दाखवायचे.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खोलीतला एक पोरगेला माणूस लोकांनी धरून खाली आणला. चांगला दणकट, रोज व्यायाम करणारा असावा. ओठ निळे पडलेले, बरोबरची मुलगी रडत होती. आदल्या दिवशी तोच जेवणाच्या टेबलावर हसत होता. त्याला गाडीत घालून नेलं. नुरबूजी परत आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "कल पूछा था मैंने. बोला, बिल्कुल ठीक हूँ."

ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

आम्हाला काही त्रास झाला नाही. बब्रूभाऊ तर पत्ते पिसत सगळ्यांना हरवत होते. तलावाकडे निघायची आदली संध्याकाळ आली. माझी बॅग भरून झाली होती, यांचीही. उद्या घालायचे कपडे यांनी खुर्चीवर क्रमाने मांडून ठेवले होते: आधी थर्मल, मग स्वेटर, मग जाकीट, वर माकडटोपी. खिडकीबाहेर उंच सरळ झाडं होती आणि पलीकडच्या डोंगरावर ऊन उतरत होतं. हे पलंगाच्या कडेला बसून बाहेर बघत होते. मी औषधांची पिशवी वरच्या कप्प्यात ठेवत होते.

"नंदा," हे म्हणाले. "कसंतरीच होतंय ग."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

पस्तीस वर्षांच्या संसारात हा शब्द यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. मी समोर जाऊन बसले. यांचे डोळे पाणावले होते, हात गार होते, आणि श्वास वर, छातीत अडकल्यासारखा.

"काय होतंय? डोकं दुखतंय?"

"नाही."

"मळमळतंय? छातीत काही?"

"छातीत..." हे थांबले. "नाही, दुखत नाही. काय ते सांगता येत नाही."

सांगता येत नाही! ज्या माणसाला पाठीतला मणका मोजून सांगता येत होता, त्याला सांगता येत नव्हतं. मला तो निळ्या ओठांचा पोरगा दिसायला लागला. मी पायात चपला अडकवल्या आणि नुरबूजींना हाक मारली.

दवाखाना जवळच होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, लडाखीच. त्यांनी नाडी बघितली, छाती तपासली, रक्तदाब घेतला.

"अंकल, क्या तकलीफ है?"

"कुछ नहीं," हे म्हणाले. "फर्स्ट क्लास."

"फर्स्ट क्लास नहीं है!" मी मध्ये पडले. "इनको... इनको कैसा तो भी हो रहा है."

"कैसा तो भी मतलब?"

मतलब काय सांगू? माझं हिंदी भाजी घेण्यापुरतं. आणि हिंदी उत्तम असतं तरी काय केलं असतं? मराठीतसुद्धा ज्या शब्दापुढे कधी दुसरा शब्द जोडता आला नाही, तो मी त्या बाईंना कुठल्या भाषेत समजावणार होते? मी हात छातीवर फिरवला, गळ्यापाशी नेला, हवेत हलवला. "ऐसा... अंदर से... कैसा तो भी."

"चक्कर? सिरदर्द? घबराहट?"

प्रत्येकाला हे मान हलवून नाही म्हणत होते. डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला. "आंटी, मशीन में तो सब ठीक है. लेकिन आप इनको जानती हैं. आपको क्या लगता है?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय डॉक्टर? माझ्याकडे होता तो एवढा एक शब्द.

"ये ऐसा कभी नहीं बोलते," मी म्हटलं. "पूरी जिंदगी में नहीं बोला."

त्यांनी थोडा विचार केला. "तो कल मत जाइए. ऊपर कुछ हुआ तो वापस लाने में बहुत देर लगती है."

*

सकाळी गाडी दारात आली. मी तोंड धुऊन बाहेर आले, तर हे कपडे चढवून तयार. थर्मल, स्वेटर, जाकीट, माकडटोपी, सगळं. पलंगावर बसून बुटाची नाडी बांधत होते.

"अहो, डॉक्टर नको म्हणाल्यात ना?"

"नंदा, मी बरा आहे. बघ." बोट पुढे करून चिमट्यातला आकडा दाखवला.

"त्या पोराचंही सगळं बरं होतं."

"अग, मला झालं ते तसलं नव्हतं."

"मग कसलं होतं?"

यांनी बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली. मी वाट बघत होते. खरंच सांगते, त्या वेळी यांनी काहीही नाव सांगितलं असतं, खोटं सांगितलं असतं, अपचन म्हणाले असते, तरी मी सोडलं असतं.

"सांगता आलं असतं तर सांगितलं नसतं का?" हे म्हणाले.

दारात बब्रूभाऊ आले. "काय वहिनी, एवढ्याशा गोष्टीचं केवढं रामायण! चल रे राजा. काय झालंय बे तुला? वर जाऊन दोन घोट चहा पी, लै मस्त वाटतंय बघ."

हे उठले. आणि मला रडूच फुटलं. मी रडणारी बाई नाही. पण त्या खोलीत, त्या परक्या गावात, माझं काही चालेना.

"जा तुम्ही," मी म्हटलं. "मी कोण अडवणार? पण एवढं सांगून जा. वर तुम्हाला काही झालं तर मी काय करू? मला तिथलं काही कळत नाही. बोलता येत नाही. कुणाला हाक मारू? काय म्हणून सांगू? कैसा तो भी हो रहा है म्हणून सांगू?"

हे पुन्हा पलंगावर बसले. आधी माकडटोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"बब्रू, तुम्ही व्हा पुढं," म्हणाले.

मी चटणीचा आणि भाकरीचा डबा विजूवहिनींच्या हातात दिला. गाडी वळून गेली. हे बराच वेळ तसेच बसले, जाकीट घालून, खिडकीकडे तोंड करून. ऊन वर आलं तशी खोली तापली. मग एकेक काढायला लागले. जाकीट, मग एक स्वेटर, मग दुसरा. प्रत्येकाची नीट घडी घालत होते. मी मदतीला गेले तर म्हणाले, "राहू दे, होतंय."

दिवसभर यांना काहीही झालं नाही.

माने मंडळी दुसऱ्या दिवशी परत आली ती उजळ चेहऱ्यांनी. आमची समोरची खोली हॉटेलवाल्याने त्यांनाच दिली होती. विजूवहिनींनी मोबाइल यांच्यासमोर धरला. खिडकीची चौकट, आणि चौकटभर निळं पाणी. पलीकडे मातकट डोंगर.

"कॅलेंडरसारखंच आहे की," विजूवहिनी म्हणाल्या.

यांनी मोबाइल हातात घेतला, थोडा लांब धरून बघितलं. "छान आहे," म्हणाले, आणि परत दिला.

मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. सोलापूरला आल्यावर मी स्वेटर डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवले. पुढच्या वर्षी मीच विषय काढला, जाऊ या का? तर म्हणाले, बघू. त्याच्या पुढच्या वर्षीही बघू. मग यांच्या हृदयाचं दुखणं निघालं, अँजिओप्लास्टी झाली, आणि डॉक्टरांनी उंचावर जायचं नाही म्हणून कायमचं सांगितलं. कपाटाचं दार उघडलं की पान दिसायचं, कडा पिवळ्या पडलेलं. ते काढा असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. आजही नाही. हातात दुसरं काही नसताना माणूस आहे तेवढ्यावरच ठरवतो.

*

आमच्या लेकीला, शिवलीलेला, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मूल झालं. मुलगी. सोलापुरातल्याच दवाखान्यात. नर्सने गुंडाळलेलं गाठोडं आधी यांच्या हातात दिलं, कारण हेच दाराशी सर्वांत पुढे उभे होते. हे बाकावर बसले. बाळाने जांभई दिली. मी वाकून बघत होते, नाक कुणाचं, कपाळ कुणाचं.

"नंदा," हे म्हणाले. "कसंतरीच होतंय ग."

मी बाळ ओढूनच घेतलं आणि ओरडले. दोन नर्स धावल्या. यांना खाटेवर घातलं, शर्टाची बटणं काढली, छातीवर स्टिकर चिकटवून तारा जोडल्या.

"आजोबा, काय होतंय? छातीत दुखतंय? डावा हात दुखतोय?"

"नाही हो, बाई."

"मग काय होतंय?"

यांना सांगता येईना. लेहसारखंच. यंत्रातून कागद बाहेर आला, डॉक्टरांनी तो वरून खालपर्यंत बघितला आणि म्हणाले, "अगदी नॉर्मल आहे. जरा पडू द्या त्यांना."

सगळे गेल्यावर मी स्टुलावर बसले. हे छताकडे बघत होते, डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळत होतं, आणि चेहऱ्यावर हसू.

"बाळ कुठंय?"

"शिवलीलेजवळ. तुम्ही बोलू नका."

"मला काही झालेलं नाही ग. हेच झालं होतं."

"कधी?"

"लेहला. बॅग भरून झाली होती. मी बाहेर बघत बसलो होतो. मनात आलं, परवा सकाळी उठलो की खिडकी उघडायची आणि समोर पाणी. खरंच. आता काही राहिलं नाही मध्ये. आणि इथं..." यांनी तारांमधून हात छातीवर ठेवला. "इथं एकदम भरून आलं. श्वास पुरेना. मला समजेचना काय होतंय. माझ्याकडे त्याला शब्द नव्हता. म्हणून तुझा घेतला."

"मग सकाळी सांगायचं नाही का?" माझा आवाज चढला. "मी रडून विचारत होते ना?"

"तेव्हा कुठं कळलं होतं? आज कळलं. पोरीने जांभई दिली तेव्हा." हे हसले. "आनंद होता ग तो. नुसता आनंद."

मी खाटेचा दांडा धरून बसले. मला ट्रंकेतले स्वेटर दिसले, पलंगाच्या कडेला जाकीट घालून बसलेला हा माणूस दिसला. आता हे कळून मी काय करू? कुणाला सांगू, की गाडी पुन्हा दारात आणा? चौदा हजार फूट तर सोडाच, या माणसाला आता एक जिनासुद्धा दमाने चढावा लागत होता.

यांनी मान माझ्याकडे वळवली. चेहरा इतका निवळलेला मी फार दिवसांत बघितला नव्हता.

"आणि मी आपला तुला आयुष्यभर नाव विचारत बसलो," हे म्हणाले. "तुला सारखं कसंतरी व्हायचं ना? ते हेच व्हायचं का ग?"

मला ओटा आठवला. अक्कलकोटच्या पुढची एस.टी. आठवली, आणि तळहातावर ठेवलेली ती पांढरी गोळी. हे उत्तराची वाट बघत होते, तारा लावलेल्या छातीने, डोळे मोठे करून.

"हो," मी म्हटलं. "हेच."